आक्का पुढच्या सीटवर

आज सकाळी हिंगोलीतल्या माझ्या दुकानाचं शटर वर केलं आणि गिऱ्हाइकाच्या आधी वास आत आला. शिजलेल्या हळदीचा. समोरच्या रस्त्यावर कुठल्याशा ट्रॅक्टरमधून हळकुंडं सांडली होती, चाकांखाली भरडली गेली होती, आणि डांबराला पिवळा डाग पडला होता. मी झाडू हातात घेऊन त्या डागाकडं बघत उभी राहिले.

हा वास डब्यातल्या हळदीचा नसतो. ओल्या मातीचा, उकडलेल्या कंदाचा, जरा कडवट, जरा औषधी. शिमगा जवळ आला की वसमतपासून हिंगोलीपर्यंत शेताशेतांत हळद शिजवायचे बॉयलर पेटतात, वाफेचे लोट निघतात, आणि मग महिना दीड महिना सगळा मुलूख पिवळा. अंगणं पिवळी, गच्च्या पिवळ्या, बायकांचे तळहात पिवळे. माझ्या दुकानात ब्लाऊजची मापं द्यायला येणाऱ्या बायका कापडाला हात लावायच्या आधी विचारतात, "डाग पडल का वो?" पडतोच.

या दिवसांत कुणाच्याही घरी कर्ता पुरुष सापडत नाही. बॉयलरचा नंबर लागलेला असतो, मजूर धरून ठेवलेले असतात. एखादं म्हातारं माणूस पडलं-झडलं तर त्याला दवाखान्यात न्यायला कुणी मोकळं नसतं. तीन वर्षांपूर्वीच्या अशाच हळदीत मला सारिकाचा फोन आला, तो यामुळंच.

सारिका म्हणजे माझ्या आत्याच्या नातवाची बायको. आत्याला आम्ही सगळेच आक्का म्हणतो. वसमतच्या अलीकडं मुख्य रस्त्यापासून आत तिचं गाव. मोतीबिंदूनं तिचे दोन्ही डोळे चार-पाच वर्षांत असे झाकले गेले होते की उजेड आणि सावली एवढंच काय ते कळायचं. ऑपरेशनचं नाव काढलं की ती उठून आत जायची, आणि आत जाताना उंबऱ्याला अडखळायची.

"आत्या," सारिका फोनवर मला म्हणाली, "आजीनं काल तवा समजून जाळावरच हात ठिवला. मी बाजूला होते म्हणून वढला. मी नसते तर? हितं समदे बॉयलरवर हायती. तुमच्याकडं गाडी हाय. न्या की त्यास्नी."

माझ्याकडं गाडी होती, हे खरं. पांढरी, छोटी, दुसऱ्याच्या हातची. चाळिशी ओलांडल्यावर मी चालवायला शिकले होते आणि तोवर दुकान ते भाजीबाजार याच्या पलीकडं फारशी नेली नव्हती. नवरा म्हणाला, "तू एकटी वसमतपर्यंत?" त्या 'एकटी'त जे होतं, त्यानंच मी दुसऱ्या दिवशी निघाले.

खरी परीक्षा मात्र रस्त्याची नव्हती. आक्का कुणाचं ऐकत असेल तर फक्त तिच्या धाकट्या भावाचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तिच्या नामाचं. आणि अण्णा म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. उभा जन्म त्यांनी लाल गाडी चालवली. त्यांच्या मते जगात माणसं दोन प्रकारची, एक ड्रायव्हर आणि दुसरे पॅसेंजर. मी दुसऱ्या प्रकारात जन्मले होते आणि तिथंच राहायला हवं होतं.

वसमतला माहेरच्या घरासमोर गाडी उभी केली. अण्णांनी आधी गाडीभोवती एक चक्कर मारली, चारही टायरांना चपलेनं ठोसे मारले, बॉनेटवर थाप दिली आणि ड्रायव्हरच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"अण्णा, तिकडून. मी चालवणार."

"म्हाईत हाय." ते म्हणाले. पण वळसा घालून पलीकडं जायला त्यांना जरा वेळ लागला.

आणि मग माय. मायचं सामान बघून मला वाटलं, या दोघांनी घर सोडलंय. वसमतच्या पाण्याचा कॅन, कारण हिंगोलीचं पाणी तिला बाधतं. दशम्यांचं गाठोडं, ठेच्याची बरणी, दोन उशा, ओकारीसाठी ॲल्युमिनिअमचं पातेलं, लिंबं, कापूर, आणि एक पितळी तांब्या जो कशासाठी हे तिलाही सांगता येईना. मायला ऐकू कमी येतं. त्यामुळं "एवढं कशाला?" या माझ्या प्रश्नाला तिनं "हाव, अजून एक पिशवी हाय," असं उत्तर दिलं आणि ती आणायला गेली.

तिथून आक्काच्या गावी गेलो. आक्काला आम्ही खोटं सांगितलं होतं. संगीच्या घरी सत्यनारायण आहे, म्हणून. संगी म्हणजे मी. सारिकानं तिला न्हाऊ-माखू घालून, वेणी घालून, निळं इरकल नेसवून ओट्यावर बसवलं होतं. हाताला धरून गाडीपर्यंत आणलं, डोकं दाराला लागू नये म्हणून वर स्वतःचा तळहात धरला, पाय उचलून आत ठेवले. मी सीटबेल्ट ओढला तशी आक्का कडाडली, "मला बांधून काहून राहिलीस? पळून चालले का मी?"

"नियम हाय, आक्का."

"म्हशीला दावं असतंय, माणसाला न्हाई."

शेवटी अण्णांनी मागं वळून, "आक्का, पोलीस पकडतेत," असं सांगितलं. पोलिसाला ती भ्यायली नाही, पण भावाचं ऐकलं. गाडी फाट्याकडं वळेपर्यंत सारिका मागं उभी होती. आरशात दिसत होती, बारीक होत होत.

म्हाताऱ्या माणसांना घेऊन प्रवास केलेल्यांना पुढचं सांगायला नको. अण्णांना खिडकी उघडी हवी, वारा लागल्याशिवाय त्यांना गाडी चालल्यासारखी वाटत नाही. मायला बंद हवी, कारण कानात वारं जातं. एसी लावला तर आक्काचे गुडघे धरतात. मी काच निम्मी खाली केली आणि तिघंही एकदम नाराज झाले. अण्णांच्या पायाखाली ब्रेक नव्हता, तरी ते दाबत होते. गतिरोधक आला की त्यांचा उजवा पाय चटईवर आदळायचा, वळण आलं की हात हवेत गोल फिरायचा. "आवाज दे," ते म्हणायचे, म्हणजे हॉर्न वाजव. समोर रिकामं माळरान असलं तरी आवाज दे. समोरून एसटी आली की ते हात वर करून सलाम करायचे आणि तिकडचा ड्रायव्हर, अण्णांच्या नातवाच्या वयाचा, बिचारा गोंधळून सलाम परत करायचा.

"त्याला काय म्हाईत तुमी कोण?" माय म्हणाली.

"हातावरून कळतंय," अण्णा म्हणाले.

मागं आक्का लिंबू हुंगत बसली होती. तिला दिसत नव्हतं, पण तिचं चालू होतं. "हे कुणाचं हळदीचं खळं गं? कच्ची शिजवून राहिलेत. वास बघ." थोड्या वेळानं, "आता उसाची गाडी गेली बाजूनं." आणि मग, "नामा, ही पोरगी बराबर चालवते रे. तू चालवायचा तवा माझं आतडं तोंडात यायचं."

अण्णांनी खिडकी आणखी खाली केली.

औंढ्याला थांबावं लागलं. नागनाथाला न टेकता पुढं जाणं या तिघांपैकी कुणालाच मान्य नव्हतं. मी दोघी बायकांना हाताला धरून दर्शन घडवलं, चहा पाजला, आणि परत येऊन बघते तर अण्णा गाडीत नाहीत. आसपास नाहीत. फोन उचलत नाहीत. उन्हात पळापळ करून शेवटी बसस्टँडवर सापडले. ड्रायव्हर-कंडक्टर मंडळींच्या घोळक्यात, बाकावर मांडी घालून, हातात चहा. "ही माझी पोरगी," त्यांनी माझ्याकडं बोट करून सांगितलं. मला वाटलं, आता गाडीचं सांगतील. म्हणाले, "टेलरिंग करती."

आता तिथून जाताना मी हसते. त्या दिवशी मात्र मला रडू येत होतं. चुलीतल्या हाताची गोष्ट डोक्यात होती, दुपारच्या आत दवाखाना गाठायचा होता, आणि माझ्या गाडीतल्या तीन माणसांना कसलीच घाई नव्हती. नंतर मला वाटायला लागलं, की घाई नसते असंही नाही. त्या वयात माणूस घरातून निघतो तोच क्वचित. मग निघाल्यावर रस्त्यातलं काहीच त्याला सोडवत नाही. देव, चहा, ओळखीचं झाड, अनोळखी ड्रायव्हर, सगळ्यांना भेटून घ्यायचं असतं.

औंढा सुटलं आणि पुढं हळदीच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. गाडी मुंगीच्या पायानं चालत होती. आक्कानं मायला विचारलं, "का गं, संगीच्या घरी परसादाला काय काय करून राहिलेत?"

मायच्या मनात सकाळपासून एकच विषय होता. तिला ऐकू आलं तेही त्या विषयातलंच. ती मोठ्या आवाजात, समजूत घालत म्हणाली, "काई करत न्हाईत, आक्का. बारीक चीर देतेत अन् जाळं काढून घेतेत. कळत बी न्हाई."

अण्णांचा पाय चटईवर आदळला.

"कसलं जाळं?" आक्का म्हणाली. "नामा, कसलं जाळं?"

"आक्का, तसं न्हाई..."

"गाडी थांबीव."

गाडी थांबलेलीच होती, पुढं ट्रॅक्टर होता. आक्कानं चाचपून दावं सोडलं, चाचपून दार उघडलं. मी ब्रेक ओढून बाहेर उडी मारेपर्यंत ती रस्त्याच्या कडेला उतरली होती आणि हात पुढं धरून चालत होती. समोर कडुलिंबाचं झाड होतं. त्याच्या सावलीचा गारवा लागला तशी ती खाली बसली, पदर खोचला आणि म्हणाली, "मी न्हाई येत. तुमी जा सत्यनारायणाला."

मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. मी गाडी कडेला घेतली. अण्णा खाली उतरले, टोपी सारखी केली आणि आधी ओरडले. "लहान लेकरू हाईस का? उठ!" मग विनवलं. मग पोलीस काढला. आक्का ढिम्म. "शेजारच्या सीताबाईचा डोळा बिघडला ऑपरेशनानं," ती म्हणाली. "अन् मला काय पाहायचं राहिलंय आता? समदं पाहून झालं. नवरा पाहिला, लेकरं पाहिली, दुष्काळ पाहिला. आता आत आंधार हाय तर हाय. माझा मला सवयीचा झालाय."

आईविना वाढलेल्या अण्णांना आक्कानंच कडेवर घेऊन मोठं केलेलं. ते लिंबाच्या बुंध्याला पाठ लावून तिच्याकडं तोंड न करता उभे राहिले. मी पाण्याची बाटली धरून मध्येच. रस्त्यावरून वाफाळलेली हळद एकामागून एक चालली होती आणि ड्रायव्हर लोक आमच्याकडं वळून वळून बघत होते.

तेव्हा माय उतरली. आपल्यामुळं काय झालंय हे तिला कळलं होतं की नाही, कुणास ठाऊक. तिनं गाठोडं आणलं, आक्काच्या शेजारी फतकल मारली, दशमीवर ठेचा ठेवून आक्काच्या हातात दिली आणि स्वतःही खायला लागली. आक्कानंही एक घास तोडला. मग माय म्हणाली, "आक्का, तुमी पाहून ठिवलंय त्यातलं आता एकबी तसं राहिलं न्हाई. तुमाला वाटत असंल नामा तुमचा अजून तसाच हाय. भांग पाडलेला."

"म्हंजी?" आक्काचा घास थांबला.

"टक्कल पडलंय की. गुळगुळीत. पार मागपर्यंत."

"काय म्हणतीस!"

"टोपी काढीत न्हाईत लोकाम्होरं. झोपताना बी उपरणं गुंडाळतेत."

आक्कानं बसल्या जागेवरून हात लांब केला. "नामा, हिकडं ये." अण्णा दोन पावलं मागं सरकले आणि त्यांनी टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "काई न्हाई ते! ही कायबी सांगते!"

"मग हात का लावू दीना?"

"रस्ता हाय हा! लोकं बघून राहिलेत!"

आक्का हसायला लागली. आधी बारीक, मग खोकला येईपर्यंत. तिचे केस अण्णा लहानपणी ओढायचे, आणि अण्णांचे कुरळे केस विंचरताना तिच्या नाकी नऊ यायचे, हे सगळं ती हसता हसता सांगत राहिली. मायला बहुतेक ऐकू येत नव्हतं, तरी तीही हसत होती. मग आक्कानं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं हात केला. "उठव मला. चल. ह्याचं टक्कल तेवढं पाहून येऊ."

हिंगोलीच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, बोलायला सरळ. तिनं दोन्ही डोळे तपासले आणि आमच्याशी लपवाछपवी केली नाही. मोतीबिंदू इतका पिकलाय की डोळ्याच्या मागचा पडदा तपासताच येत नाही, म्हणाली. तो चांगला आहे की खराब, ते ऑपरेशन केल्यावरच कळेल.

"म्हणजे करूनही दिसणार नाही, असं होऊ शकतं?" मी हळूच विचारलं.

"होऊ शकतं. आधी एक डोळा करू."

मला वाटलं आक्कानं ऐकलं नसेल. पण ऐकू न येणारी आमची माय होती, आक्का नव्हे. "कर गं बाई," ती म्हणाली. "एवढ्या लांब आलेय तर करूनच जाते."

रक्त, साखर, दाब, सगळं झालं. तिघंही माझ्या घरी राहिले. माझ्या दोन खोल्यांत त्यांनी आपापले कोपरे धरले, आणि नवऱ्यानं आनंदानं बाहेरची खाट. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. आक्का आत असताना अण्णा दवाखान्याच्या फाटकाशी उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. कुठली गाडी आली, कुठली गेली, ते बघत होते असं दाखवत होते. माय आपली जपमाळ ओढत होती. आत आक्कानं डॉक्टरणीला तिचं लग्न, सासर, सासूचा स्वभाव असं सगळं विचारून घेतल्याचं नंतर नर्सनं सांगितलं.

ज्या सकाळी पट्टी काढायची होती त्या सकाळी घरात कुणी नीट चहासुद्धा प्यायलं नाही. खुर्चीवर आक्का बसलेली, आम्ही तिघं भिंतीला लागून. डॉक्टरणीनं हलक्या हातानं पट्टी सोडवली. डोळा मिटलेला, कडेला पाणी. "हळूहळू उघडा आजी. घाई नका करू."

आक्कानं डोळा उघडला. पापणी फडफडली. तिनं समोर बघितलं, आणि कितीतरी वेळ तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. अण्णांचा श्वास मला ऐकू येत होता.

"काय दिसतंय आजी?"

"किती वाळकी गं तू," आक्का म्हणाली. "जेवतीस का न्हाई?"

डॉक्टरीण आधी हसली, मग तिनं तोंड वळवून पटकन डोळ्यांवरून हात फिरवला. माय जागच्या जागी उभी राहून भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या देवाला हात जोडत होती. आक्का आमच्याकडं वळली. माझ्यावरून नजर फिरवली, मायवरून फिरवली, आणि अण्णांवर येऊन थांबली.

"टोपी काढ."

दाराबाहेर पेशंटांची रांग होती. सगळे आत डोकावत होते. अण्णांनी एकदा दाराकडं बघितलं आणि टोपी काढली.

आक्का हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. उठली, पुढं आली, आणि त्या गुळगुळीत डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. "नामा," ती म्हणाली, "तू म्हातारा झालास रे." मग जरा मागं सरून तिनं नीट बघितलं. "बरा दिसतोस पण. आपल्या बापावाणी."

अण्णांनी त्यानंतर हिंगोलीत टोपी घातल्याचं मला आठवत नाही.

परतीच्या दिवशी अण्णा सवयीनं पुढचं दार उघडायला गेले, तर आक्का काळा चष्मा लावून आधीच तिथं बसलेली. दावंही तिनं स्वतःच बांधून घेतलं होतं. "तू मागं बस," ती भावाला म्हणाली. "तू लई पाहिलाय रस्ता."

तो प्रवास मी अजून कधी कधी झोप येण्याआधी मनातल्या मनात पुन्हा करते. जाताना जो रस्ता संपता संपत नव्हता, तो येताना पुरला नाही. पळस पेटले होते. आक्का प्रत्येक पळसाला "आगं बाई" म्हणायची, जसा काही तो तिच्यासाठीच आत्ता फुलला. एका डोळ्यानं ती दोन डोळ्यांची कसर काढत होती. "ही पोरगी बघ, फटफटीवर एकटीच! साडी अडकंल गं तिची. ते उंच काय हाय? टावर? त्याच्यावर कोण चढतंय?" डॉक्टरणीनं वाऱ्या-धुळीपासून जपायला सांगितलं होतं, म्हणून मी काच पूर्ण वर केली. आक्कानं त्या काचेला नाक लावलं आणि काचेवर तिच्या श्वासाचं धुकं धरलं. ते ती पदरानं पुसायची आणि पुन्हा बघायची.

सिद्धेश्वरच्या पाण्याचा कालवा दिसला तशी तिनं माझ्या दंडाला धरलं. गाडी थांबवायला लावली. पाणी सोडलेलं होतं, काठोकाठ, आणि दोन्ही अंगाला हळदीची काढलेली रानं. "ह्या कालव्यावर मी माती वाहिलीय," ती म्हणाली. "नवीन लगीन झालं होतं. तवा नुसता खड्डा होता. आमी म्हणायचो, कुठलं येतंय ह्यात पाणी." ती बघत राहिली. "आलं की."

मला ते तोवर माहीत नव्हतं. त्या कालव्याच्या कडेनं मी कितीदा गेले असेन.

पुन्हा निघालो. औंढ्याच्या अलीकडं मला मागून घोरणं ऐकू आलं. वाटलं, माय. आरशात बघितलं तर अण्णा. उघडं डोकं मायच्या खांद्यावर कलंडलेलं, तोंड अर्धवट उघडं. मी आयुष्यात त्यांना चालत्या गाडीत झोपलेलं पाहिलं नव्हतं. लग्नाच्या वऱ्हाडात, आजारपणात, कधीच नाही. दुसरा कुणी चालवत असला की त्यांचे डोळे रस्त्यावर. मायनं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं. मी स्टिअरिंग जरा घट्ट धरलं. पुढं टेम्पो रेंगाळत होता. मी आरसा बघितला, इशारा दिला आणि हॉर्न न वाजवता त्याला मागं टाकलं. इतकी अलगद गाडी मी त्याआधी कधी चालवली नव्हती.

गाव आलं. आक्काच्या अंगणात आणि समोरच्या मोकळ्या जागेत शिजलेली हळद पसरलेली, अजून वाफ निघणारी. पाच-सहा बायका ती पायांनी आणि हातांनी पसरत होत्या. गाडी बघून सगळ्या थांबल्या. सारिका पुढं यायला निघाली तशी आक्कानं गाडीतून उतरता उतरताच हात वर केला.

"थांबा. कुणी बोलायचं न्हाई. माझी नातसून माझी मी हुडकते."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सारिका या घरात आली तेव्हा आक्काचे डोळे गेलेलेच होते. लग्नात आक्कानं अक्षता टाकल्या त्या वाजंत्रीच्या रोखानं. दीड वर्ष जिच्या हातचं खाल्लं, जिनं न्हाऊ घातलं, रात्री-अपरात्री हाताला धरून बाहेर नेलं, ती कशी दिसते हे तिला माहीत नव्हतं.

कुणाचाही हात न धरता आक्का हळदीच्या कडेकडेनं चालत गेली. एकेका बाईसमोर थांबली. चष्मा वर करून न्याहाळलं. बायका ओठ दाबून उभ्या. सारिका सगळ्यात शेवटी, मान खाली घालून. आक्का परत फिरली आणि मधल्या एका उंच, थोराड बाईसमोर येऊन तिनं तिचा दंड पकडला. "ही! हीच माझी सारिका."

ती शेजारच्या वाड्यातली शांताबाई होती, दोन नातवंडांची आजी. सगळं अंगण हसण्यानं दणाणलं. शांताबाई म्हणाली, "आक्का, मला सून करून घेता व्हय आता!" आणि त्या गलक्यात, त्या कडेनं, सारिकालाही हसू आवरलं नाही.

आक्कानं मान वळवली. ते हसू तिच्या रोजच्या ओळखीचं होतं. शांताबाईचा दंड सोडून ती सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. वरून खाली बघितलं. सारिका जेमतेम आक्काच्या खांद्याला लागत होती. काडीसारखी मनगटं, कोपरापर्यंत पिवळी.

"एवढीशी हाईस तू?" आक्काचा आवाज बदलला. "मला उचलतीस, बसवतीस, तर मला वाटायचं चांगली दांडगी बाई असशील. आगं, तू तर लेकरू हाईस. ह्या एवढ्याशा लेकराकडून मी येवढं करून घेतलं?"

दीड वर्षात सारिका आक्कासमोर कधी लाजली नसेल. बघणारंच कुणी नव्हतं. आता मात्र तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"झाकू नको," आक्का म्हणाली. "हात काढ. मला पाहू दे."

तिनं स्वतःच ते हात धरून बाजूला केले. ओल्या हळदीचे तळवे उमटून सारिकाचे दोन्ही गाल पिवळे झाले होते, कपाळाला पण लागलं होतं, आणि त्यावरून डोळ्यांतलं पाणी वाट काढत खाली येत होतं. आक्का बघत राहिली. मग वाकली, पायाशी पडलेलं एक गरम हळकुंड उचलून तळहातावर चोळलं आणि आपला पिवळा हात सारिकाच्या हनुवटीवरून फिरवला.

"तुझ्या लग्नात समद्यांनी हळद पाहिली," ती म्हणाली, "एक मीच राहिले होते."

मागं शांताबाईनं हळदीचं गाणं उचललं. बाकीच्या बायका हातातलं काम टाकून त्यात आल्या, आणि अण्णा, उघड्या डोक्यानं, गाडीला टेकून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोरी, गाडी जरा सावलीत लाव. आता लवकर निघणं व्हायचं न्हाई."